तुझ्या धाब्याखाली आमचे आबा

विश्वास,

तू गेलास त्या दिवशी आमचे आबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मंगलाने ताट नेलं तर म्हणाले, "ठेव तिथे," आणि ते तसंच राहिलं. माझी आई गेली त्या संध्याकाळी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली होती. मला पक्कं आठवतं, कारण ती मीच वाढली होती. बायकोपेक्षा शेजारी जड झाला का, असं तुझ्या अंत्ययात्रेत चालताना माझ्या मनात येत होतं. लोकांनी माझे लाल डोळे पाहिले आणि समजायचं ते समजले. मी रडत होतोच. पण जळतही होतो.

स्मशानात तुझ्याबद्दल लोक चांगलं बोलले. तुझ्या शाळेतले एक जण म्हणाले, असा भूगोलाचा मास्तर देवपुरात पुन्हा होणार नाही. मी बोललो नाही. मला जे बोलायचं होतं ते तुझ्या घराच्या मागच्या खोलीबद्दल होतं, आणि ते तिथे कोणाला कळलं नसतं.

आपले प्लॉट एकाच मापाचे, चाळीस बाय साठ, मधे एकच भिंत. बांधकाम खात्यात अंदाजपत्रकं तपासणारा माणूस शेजारी मिळाला म्हणून तू खूश होतास. पुढच्या दोन खोल्या तू माझ्या नकाशाप्रमाणे बांधल्यास, स्लॅबसकट. मग मागच्या खोलीची वेळ आली आणि एके दिवशी तुझ्या गावाकडून ट्रॅक्टर आला. त्यात कोणाच्या तरी पाडलेल्या घराच्या छताखालचे सागाचे सरे होते, तुळयांसारखे जाड, काळे पडलेले, खिळ्यांची भोकं असलेले.

"हे काय?" मी भिंतीवरून विचारलं.

"धाबं घालतोय."

"अरे, खेड्यातले लोक धाबी पाडून स्लॅब टाकताहेत, आणि तू शहरात येऊन छतावर माती टाकणार?"

"स्लॅब भाजतो रे, ओवरसियर."

"चुना मार. दोन हात."

"तू चुना मार. मी माती टाकतो. मे महिन्यात भेटू."

मी ओवरसियर कधीच नव्हतो. ते नाव तू मला दिलंस आणि गल्लीने उचललं.

मी चुना मारला, आणि तेव्हापासून दर फाल्गुनात मारत आलो. आधी गच्ची खराट्याने घासायची, भेगा सिमेंटने भरायच्या, मग गाळलेला चुना, त्यात थोडा सरस, म्हणजे हाताला लागत नाही. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा, संध्याकाळी गच्चीवर पाणी, मृगाच्या आधी पन्हाळ बांबूने मोकळे करायचे, दाराच्या बिजागऱ्यांना तेल. यातलं एकही काम चुकीचं नाही. आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. गल्लीतल्या निम्म्या घरांनी ते माझ्याकडून घेतलंही.

तू यातलं काहीच नीट करत नव्हतास. तुझी भिंत ओळंब्यात नव्हती. दार पावसाळ्यात फुगायचं आणि तू ते लाथेने उघडायचास. वर्षातून एकदा धाब्यावर खारी माती टाकायचास, तीही अंदाजाने, गाणं म्हणत. आणि तरी मे महिन्यात भेटल्यावर काय झालं ते तुला माहीत आहे. मी थर्मामीटर घेऊन आलो. दुपारी तीन वाजता माझ्या खोलीत एकेचाळीस होतं, कूलर चालू असून. तुझ्या धाब्याखाली पस्तीस. मी लपवलं नाही. तिथेच म्हणालो, "सहा अंशांचा फरक आहे."

तू बाजेवर आडवा होतास. म्हणालास, "लिहून घे. आणि जाताना दार लोटून घे, ऊन येतंय."

तेवढंही मी सोसलं असतं. पण मग आई गेली आणि मी आबांना सोनगीरजवळच्या आमच्या गावाहून इकडे आणलं.

त्यांच्यासाठी मी स्वतंत्र खोली बांधली होती. दक्षिणोत्तर खिडक्या, पंखा, हाताशी नळ. मागचं अंगण सगळं शहाबादी फरशीचं, दहा फुटांना दोन इंच ढाळ, बादलीभर पाणी ओतलं तर थेट नालीत जाईल असा. म्हाताऱ्या माणसाचा पाय चिखलात जाऊ नये, एवढाच विचार होता. आबांनी पहिल्या दिवशी सगळं फिरून पाहिलं आणि म्हणाले, "छान बांधलंय, साहेब."

मला नोकरी लागल्यापासून ते मला साहेब म्हणत. थट्टेत सुरू झालं आणि मग तसंच राहिलं. माझ्याशी ते शहरी मराठी बोलत, सावकाश, कचेरीत अर्ज द्यायला आल्यासारखं. "चहा झाला का?" "आज सुट्टी का?"

दोन दुपारी ते माझ्या पंख्याखाली बसले. तिसऱ्या दुपारी खोलीत नव्हते. मी गल्लीभर शोधलं, आणि भिंतीपलीकडून आवाज आला, गावाकडचा, अहिराणीतला, मी लहानपणी ऐकलेला:

"ढाळ कोठे शे रे? बठ्ठी माती वाही जाई, मंग बस डोकं धरीसन! तुनं धाबं तुना मायक वाकडं शे."

धाबं तुझ्यासारखंच वाकडं म्हणून ते शिव्या घालत होते आणि तू हसत होतास. "आबा, तुम्हीच सांगा मग कसं करू."

मी भिंतीपाशी उभा राहिलो. ढाळ कमी आहे हे मी तुला आधीच सांगितलं होतं. आकड्यासकट सांगितलं होतं. तेव्हा आबा ओट्यावर बसलेले होते आणि त्यांनी मान वर करून पाहिलंही नव्हतं. तीच गोष्ट ते आता तुला शिव्या देत सांगत होते. विश्वास, मला त्या शिव्या हव्या होत्या. मला त्यांनी उभ्या जन्मात वाकडा म्हटलं नाही.

त्यानंतर रोज दुपारी जेवण झालं की ते उठायचे, टोपी घालायचे आणि तुझ्याकडे यायचे. तुझ्या परसात माती होती. शैलावहिनींच्या माहेरून, रावेरहून, केळीचे कंद आले होते. तू न्हाणीघराचं पाणी चर खणून त्यांना सोडलं होतंस. चर वाकडातिकडा, पाणी कुठेही साचायचं, डास व्हायचे. मी म्हणालो, पाइप टाक. आबांनी पाइपची वाट पाहिली नाही. कुदळ घेतली आणि आळी करायला बसले. त्या वयात! मी मंगलाला म्हणालो, "आपल्याकडे त्यांना एवढा आराम आहे."

ती म्हणाली, "फरशीवर बसून माणसाने करायचं काय?"

मी गल्लीत पहिला टीव्ही आणला. खरं कारण आज लिहितो: रविवारी सकाळी तरी ते घरात बसतील म्हणून. ते बसले, मालिका संपेपर्यंत. सोबत गल्लीतले तीसेक लोक होते आणि तूही होतास. संपल्यावर तू उठलास, तुझ्यामागे ते उठले.

तू वाईट नव्हतास, हीच तर अडचण होती. तू आबांना बोलावलं नाहीस, अडवलंही नाहीस. एकदा भिंतीशी उभं राहून सहज म्हणालास, "तुझा जन्म झाला त्या वर्षी आबांनी गावच्या घराचं धाबं स्वतःच्या हाताने घातलं होतं, माहीत आहे ना? बाळंतिणीच्या अंगावर पाणी नको म्हणून. सरे डोक्यावरून आणले होते."

"माहीत आहे," मी म्हणालो.

मला माहीत नव्हतं. माझ्याच जन्माची गोष्ट होती आणि ती मला तुझ्याकडून कळली. त्या दिवशी मी तुझ्याशी दोन शब्द कमीच बोललो. तुला वाटलं असेल, कचेरीत काही झालं.

आपलं शेवटचं बोलणंही धाब्यावरच झालं. होळीच्या आदल्या संध्याकाळी तू वर उभा होतास, मी माझ्या गच्चीवर चुना कालवत होतो.

"ढाळ सहा इंच पाहिजे," मी म्हणालो. "तुझा चार आहे."

"गळतंय का?"

"गळेल."

"गळलं की बोलावतो."

आणि त्याच आठवड्यात तू गेलास. हा वाद मी जिंकत होतो, विश्वास. तुला जायला दुसरी वेळ मिळाली नाही?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात सुनील मला भेटला. तुझा मुलगा शहाणा आहे, तुझ्यापेक्षा व्यवहारी. नाशिकच्या कारखान्यातून पुन्हा आठ दिवसांची रजा घेऊन आला होता. म्हणाला, "काका, मागचं धाबं पाडतो आणि स्लॅब टाकतो. वर जिना बाहेरून काढू, भाडेकरू ठेवू. आईला सोबत होईल. दर वर्षी माती कोण टाकणार आता?"

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. वहिनी मधल्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ बघतील. ते म्हणतील तसं करू."

म्हणजे तुझ्या खोलीचा निकाल माझ्या हाती आला. ती पाडली तर आबांना दुपारी बसायला देवपुरात एकच जागा उरत होती: माझं घर.

मी टोचा, हातोडी आणि शिडी घेऊन गेलो. आबा तुझ्या बाजेवर बसलेले होते. तू गेल्यावरही त्यांनी एक दुपार चुकवली नव्हती. वहिनी त्यांच्यासाठी माठ भरून ठेवत होत्या. मी एकेक सरा ठोकत गेलो, भिंतीत शिरतो तिथे टोचा घालून पाहिला, वाळवीची माती खरवडली. बराच वेळ ते बघत राहिले.

"काय मोजता, साहेब?"

"सरे."

"मोजा."

नऊ सरे. आठ खणखणीत, माझ्या स्लॅबमधल्या सळ्यांबद्दल मी एवढ्या खात्रीने बोलू शकणार नाही. एक मात्र उत्तरेच्या भिंतीत वीतभर पोकळ झाला होता, टोचा आत गेला आणि भुसा पडला. आमच्या खात्यात नवात एक सरा खराब म्हणून कोणी इमारत पाडत नाही. सरा बदलतात. पण तुझ्या घरात हिशेब मागणारं कोणी नव्हतं. "सरा पोकळ झालाय, सुनील," एवढं म्हणालो असतो तरी ते खोटं नव्हतं, आणि तेवढ्यावर खोली पडली असती.

ते वाक्य मी घरी घेऊन आलो आणि चार दिवस सांभाळलं. मंगलाने विचारलं, "काय सांगणार त्यांना?"

"बघू."

तिने माझ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नाला खूप वर्षं झाली. "आबांना इकडे आणायचं असेल तर हात धरून आणा," म्हणाली. "छत पाडून आणू नका."

मी रागावलो. छताचा आणि आबांचा काय संबंध, असं म्हणालो. ती भाकऱ्या करायला गेली.

तेवढ्यात आखाजी आली. सासरच्या मुली माहेरी आल्या, समोरच्या लिंबाला झोका बांधला गेला, आणि वहिनींचा निरोप आला की विश्वासचा पितर म्हणून मी जेवायला बसावं. तुला सांगायला नको, पण तुझ्या जागी बसायचं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आपल्याकडे माणूस गेला की पहिल्या आखाजीला त्याच्या नावाची घागर भरतात आणि त्याच्या वयाच्या कोणाला तरी त्याच्या पाटावर बसवून जेवू घालतात. तो जेवला म्हणजे गेलेला जेवला.

"त्यांच्या भावकीत कोणी नाही का?" मी मंगलाला विचारलं.

"आहेत की. वहिनींनी तुमचंच नाव घेतलं."

पाट धाब्याखालीच मांडला होता. कोपऱ्यात लाल घागर, तिच्यावर डांगर ठेवलेलं. सुनीलने माझे पाय धुतले, गंध लावलं. आबा भिंतीला टेकून दुसऱ्या पंगतीत बसले होते. ताटात पुरणपोळी, कुरडई, भजी आली. रसाची वाटी मी पुढे केली, मला रस वाटीत लागतो, पोळी वेगळी, रस वेगळा. वहिनींनी वाटीकडे पाहिलंच नाही. थेट पोळीवर रस ओतला, ताटभर, भज्यांपर्यंत.

"त्यांना असाच लागायचा," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मी तसाच खाल्ला. सगळं एकात एक झालेलं. भजी रसात भिजलेली. चव चांगली होती, हेही नमूद करतो.

तुझ्या पाटावर बसून मला कसं वाटलं? वर्षानुवर्षं मला तुझ्या जागी बसायचं होतं. आता बसलो होतो, आणि लोक माझ्याकडे पाहत होते ते तुझ्याकडे पाहिल्यासारखं. माझ्याकडे कोणीच पाहत नव्हतं.

सुनीलने वाढता वाढता विचारलं, "काका, मग काय ठरवलं? मिस्त्री उद्या येतोय."

आबांनी मान वर केली नाही. पोळी मोडत होते. पण हात थांबला होता.

तयार वाक्य माझ्या जिभेवर होतं, विश्वास. सरा पोकळ आहे. तीन शब्द.

"उत्तरेचा एक सरा बदला," मी म्हणालो. "बाकीचे आठ तुझ्या नातवंडांना पुरतील. पाडू नकोस."

 वहिनी दारातून म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. ते म्हणायचे, धाबं मी डोळ्याने घातलंय, पण पलीकडे मोजणारा बसलाय, काही बिघडलं तर तो आधी ओरडेल, म्हणून आपण बिनधास्त झोपायचं."

हे तू मला कधी का सांगितलं नाहीस? माझ्या ओरडण्यावर तू बिनधास्त झोपायचास, आणि मला वाटायचं तू माझं ऐकतच नाहीस. मी तुझ्या झोपेवर जळत होतो आणि तिच्यात माझाही वाटा होता. ताट तसंच सोडून मी पाणी प्यायलो.

"ठीक आहे," सुनील म्हणाला. "सरा बदलतो. पण काका, दर वर्षी माती? मी नाशिकला. आई काय वर चढणार?"

 मग आबा माझ्याकडे मान करून बोलले, तोंडात घास असताना.

"हाऊ करी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "मी?" मी म्हणालो.

"मंग कोन? मी चढू का?"

पितराने पाटावरून नाही म्हणू नये, असं काही शास्त्र आहे की नाही मला ठाऊक नाही. मी नाही म्हणालो नाही.

परवा रविवारी माती आली. सरा आदल्या दिवशी बसला होता. मी सकाळीच वर चढलो, पातळी घेऊन, आणि ढाळ चारचा सहा केला. हे तुला सांगून ठेवतो. आता येऊन वाद घालायचा तर घाल. पाट्या ओतल्या, फावड्याने पसरल्या, चोपण्याने चोपत गेलो. अर्ध्या तासात कमरेचे तुकडे पडले. तू हे गाणं म्हणत कसं करायचास?

टेकायला उभा राहिलो तेव्हा माझं घर दिसलं. तुझ्या धाब्यावरून ते मी कधी पाहिलं नव्हतं. गच्चीचा चुना पांढराशुभ्र. फरशी धुतलेली, नाली मोकळी, पन्हाळ सरळ. तासभर शोधली असती तरी चूक सापडली नसती. सकाळची वेळ, अंगणात चांगलं ऊन आलेलं, आणि तिथे कोणीही नव्हतं. दर वर्षी इथे उभं राहून तू हेच पाहत असशील आणि मला कधी टोचलं नाहीस. बाकी सगळ्यावरून टोचलंस.

खालून आबांचा आवाज आला. ते बाजेवर होते, माझ्या पायांच्या बरोबर खाली.

"उगवतीना कोपराले माती कमी पडनी!"

मी पूर्वेच्या कोपऱ्यात पातळी धरली. खरंच कमी होती, बोटभर. छताखाली बसलेल्या माणसाला वरची बोटभर माती कशी कळते? मी दोन पाट्या ओतल्या, पुन्हा चोपल्या, आणि उतरून, हातपाय न धुता, तेच विचारलं.

"बस आठे," आबा म्हणाले आणि बाजेवर सरकले. मी बसलो. मग त्यांनी छताकडे बोट दाखवून सांगायला सुरुवात केली: चोपण्याचा आवाज कुठे भरीव येतो आणि कुठे पोकळ, गावच्या घराला कुठला कोपरा दरसाल दगा द्यायचा, सरे कोणाच्या मळ्यातून आणले. हे सगळं त्यांनी तुला कधीच सांगून टाकलं असणार, कदाचित दोनदा, कदाचित याच बाजेवर, हे मला मधेच सुचलं. आणि मी पुन्हा जळलो, पहिल्याइतकाच.

पण उठलो नाही.